इमारतीच्या पायाआधी शिवाराची पाहणी

पारनेर तालुक्यातील सुपा हे पुणे-अहिल्यानगर महामार्गावरचे गजबजलेले गाव होय. हा मुलूख मुळात अवर्षणाचा. ज्वारी, बाजरी, कडधान्ये आणि विहिरीच्या आधाराने होणारा थोडा भाजीपाला, असा येथील शेतीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होता. गेल्या काही दशकांत या चित्रात मोठा पालट झाला. गावालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली, जवळच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या फिरू लागल्या, आणि महामार्गाच्या दुतर्फा गोदामे, कार्यालये, उपाहारगृहे व निवासी भूखंड वाढत चालले. ज्यांच्या घरातील मुले पूर्वी कामासाठी पुण्या-मुंबईस जात, त्यांस आता घरी राहून रोजगार मिळतो. हा पालट स्वागतार्ह आहे आणि तो थांबावा असे कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही.

तथापि शेतजमिनीचा वापर बदलताना एक गोष्ट हमखास राहून जाते. मोजणी होते, नकाशा तयार होतो, जमिनीची भारवहनशक्ती तपासली जाते, रस्त्याची रुंदी, वीज व पाणी यांचा विचार होतो. मात्र या मातीत पूर्वीच्या वस्तीचे काही अवशेष आहेत काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारला जातो तो यंत्राच्या दातास एखादा रांजण किंवा कोरीव दगड लागल्यावर. तोपर्यंत पाहण्याजोगे बरेचसे नाहीसे झालेले असते, आणि बांधकाम करणारा, जमिनीचा मालक व सरकारी अधिकारी असे तिघेही अडचणीत आलेले असतात. ही पाहणी आधी झाली तर ती स्वस्त पडते, थोड्या दिवसांत आटोपते आणि कोणाचेही नुकसान करीत नाही. म्हणून ती बांधकामाच्या आराखड्याचाच एक भाग व्हावी, आणि तिचा भार शेतकऱ्यावर पडू नये, हे येथे मांडावयाचे आहे.

काळी आणि पांढरी

आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. पिकते ती काळी आणि माणसे राहतात ती पांढरी. हा भेद केवळ बोलण्यातला नाही. जेथे अनेक पिढ्या चुली पेटल्या, गुरे बांधली गेली, मातीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पडल्या, तेथील मातीत राख, शेण, हाडे व चुना मिसळून तिचा रंग फिका आणि पोत भुसभुशीत होतो. म्हणूनच ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणाची माती खत म्हणून शेतात पसरण्याची चाल दख्खनमध्ये सर्वत्र दिसते. गाड्या भरभरून अशी पांढरी वाहून नेल्यामुळे कित्येक टेकाडे निम्मी झाली आहेत.

या मातीत स्फुरदाचे प्रमाण आजूबाजूच्या शेतांपेक्षा बहुधा अधिक असते. ओलोफ अर्‌हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत साखरबीटाच्या शेतांतील माती तपासली. ज्या ठिकाणी स्फुरद विनाकारण जास्त आढळले, त्यांपैकी अनेक ठिकाणी प्राचीन वस्ती होऊन गेल्याचे त्याच्या ध्यानी आले. तेव्हापासून मातीतील स्फुरदाची चाचणी हे पुरातत्त्वज्ञांचे एक साधन बनले. आपल्याकडे प्रत्येक गावात माती परीक्षणाचे नमुने घेतले जातात. एखाद्या गटाच्या एका कोपऱ्यातच स्फुरद फार चढे निघाले आणि तेथे खताचा उकिरडा किंवा गोठा नव्हता, तर ती नोंद बाजूस टाकून न देता त्या जागेकडे एकदा नीट पाहावयास हवे.

जिल्ह्याचा स्वतःचा अनुभव

पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा भारतीय पुरातत्त्वाच्या नकाशावर ठळक आहे. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी असलेल्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे मिळालेल्या विशिष्ट रंगीत खापरांवरून महाराष्ट्रातील ताम्रपाषाण काळाच्या एका संपूर्ण संस्कृतीस ‘जोर्वे’ हे नाव मिळाले. नेवासे येथे १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात खणण्यात आले. प्रवराकाठच्या या एकाच ठिकाणी अश्मयुगापासून मराठा काळापर्यंतच्या मानवी वावराचा क्रम लागला.

परंतु बांधकामाच्या प्रश्नास सर्वांत जवळचा धडा मिळतो तो श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे. हे स्थळ १९५८ मध्ये ध्यानात आले आणि १९५८-५९ मध्ये तेथे पहिले उत्खनन झाले. पुढे १९७४ मध्ये एका स्थानिक माणसाने झाडाचे खोड खणून काढताना कांशाच्या चार भरीव मूर्ती बाहेर आल्या. दोन बैल जुंपलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा अशा या मूर्तींचे एकूण वजन साठ किलोग्रॅमहून अधिक आहे. साऱ्या देशात त्यांस तोड नाही. मात्र त्या ज्या थरातून निघाल्या, तो थर पाहण्यास त्या वेळी जाणकार कोणी हजर नव्हते. परिणामी त्या नेमक्या कोणत्या काळाच्या, यावर विद्वानांत अद्याप एकमत नाही. त्यानंतर १९७४ ते १९७९ या वर्षांत तेथे पुन्हा उत्खनने झाली आणि वस्तीचे एकामागून एक पाच सांस्कृतिक टप्पे उलगडले. तरीही मूर्तींचा थराशी तुटलेला संबंध पूर्णपणे जुळविता आला नाही.

ज्याच्या हाती त्या मूर्ती लागल्या, त्याचा येथे काही दोष नाही. यातून घ्यावयाचा बोध निराळा आहे. जुन्या वस्तूचे मोल तिच्या धातूत असते त्याहून अधिक तिच्या जागेत असते. ती कोणत्या खोलीवर, कोणत्या रंगाच्या मातीत आणि कशाच्या शेजारी होती, हे एकदा पुसले गेले की पुढे कितीही पैसा खर्चून ते परत मिळत नाही.

घोडकाठचे शेतकरी

सुप्याहून महामार्गाने पुण्याकडे जाताना शिरूरजवळ घोड नदी ओलांडावी लागते. याच नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून पुढे बारा हंगाम पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सांकलिया, म. के. ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली झालेल्या या कामात शंभराहून अधिक घरांचे अवशेष मोकळे करण्यात आले. वस्तीचा काळ सुमारे इसवी सनपूर्व १६०० ते ७०० असा ठरला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या उत्खननातील माहिती अतिशय मोलाची आहे. तेथील लोक सातू पिकवीत, गहू व कडधान्ये करीत, गुरे व शेळ्यामेंढ्या पाळीत. नदीच्या पुराचे पाणी वळवून नेणारा पाट व त्याचा दगडमातीचा बांध यांचे अवशेष तेथे आढळले. म्हणजे पाणी अडविण्याची व वळविण्याची युक्ती या पट्ट्यात तीन हजार वर्षांपूर्वी माहीत होती. पुढे इसवी सनपूर्व १००० नंतर ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली आणि शिकारीवरचा भर वाढला. पाऊसमान घटल्यामुळे हे घडले असावे, असा उत्खनन करणाऱ्यांचा निष्कर्ष आहे.

ज्या तालुक्यात राळेगणसिद्धीसारख्या गावाने पाणलोटाचे काम करून देशापुढे उदाहरण ठेवले, त्या तालुक्यास ही कथा परकी वाटू नये. दुष्काळात माणसे काय खात, कोणते पीक सोडीत, कोणते धरून ठेवीत, याची लेखी नोंद फार तर काही शतकांची मिळते. त्यापलीकडची नोंद जळक्या दाण्यांत, हाडांत आणि राखेच्या थरांत आहे. ती राजेरजवाड्यांची नसून शेतकऱ्याची आहे, आणि तिची जागाही शेतातच आहे.

शेतीने जपले, पाया घालवील

नांगराने जमीन वीतभर हलते. वरच्या थरातील खापरे इकडची तिकडे होतात, परंतु खालचे थर बहुतांशी शाबूत राहतात. आजवर हजारो वर्षांचे अवशेष टिकले, याचे मोठे श्रेय त्यांवर शेती करीत आलेल्या कुळांकडे जाते. यंत्राने होणारे सपाटीकरण, शेततळ्याचे खोदकाम, वीटभट्टीसाठी मातीउपसा आणि इमारतीचा पाया यांची गोष्ट वेगळी. ही कामे दोन-तीन मीटरपर्यंत जातात आणि एका दिवसात सगळा पुरावा ट्रॉलीत भरून दूर नेतात. वरून काँक्रीट पडले म्हणजे उरलेलेही कायमचे बंद होते.

भूमीवर उभ्या असलेल्या वास्तूंचीही तीच गत होते. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथील लेणे, जामगाव येथील महादजी शिंदे यांचा वाडा आणि पळशी येथील होळकरकालीन वाडा हे सर्वांस ठाऊक आहेत. परंतु बांधावरचा वीरगळ, पडीक बारव, जुने पेव, तळ्याचा बुजलेला सांडवा यांची नोंद अनेकदा कोणत्याही दफ्तरात नसते. नोंद नाही म्हणून ते आराखड्यात दिसत नाहीत, आणि आराखड्यात दिसत नाहीत म्हणून ते वाचत नाहीत.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. गावाच्या नावावरून इतिहास रचू नये. शहाजीराजांच्या ‘पुणे-सुपे’ जहागिरीतील सुपे हे बारामती तालुक्यातील होय. पारनेर तालुक्यातील सुपा त्याहून वेगळे. नावातील सारखेपणामुळे एकाचा इतिहास दुसऱ्यास चिकटविला जातो. अशा वेळी प्रत्यक्ष जमिनीची पाहणी हाच खरा निर्णय देते.

शेतकऱ्याची भीती आणि कायद्याची स्थिती

शेतात काही जुने सापडले की ते गुपचूप बुजवून टाकण्याकडे कल असतो. जमीन अडकून पडेल, विक्री मोडेल, भाव उतरेल, चौकशीचा ससेमिरा लागेल, ही भीती त्यामागे असते. ज्याची सारी पुंजी दोन एकरांत आहे, त्याची ही भीती निराधार म्हणून उडवून लावणे योग्य नव्हे. तथापि कायद्याची नेमकी स्थिती समजली तर तिचा बराचसा भाग कमी होईल.

पहिली गोष्ट अशी की, खापरे किंवा विटा सापडल्या एवढ्यानेच जमीन संरक्षित होत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार एखादे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित करावयाचे असल्यास सरकारला आधी दोन महिन्यांची सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि त्या मुदतीत हितसंबंधी व्यक्तीस हरकत घेता येते. शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीचे बंधन, ही २०१० च्या दुरुस्तीतील तरतूद अशा केंद्रीय संरक्षित स्थळांपुरतीच आहे.

दुसरी गोष्ट, या कायद्याखालील उत्खननामुळे किंवा त्यासाठी जमिनीत प्रवेश केल्यामुळे मालकाचे अथवा कसणाऱ्याचे नुकसान झाले, तर त्यास भरपाई देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

तिसरी गोष्ट गुप्तधनाची. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. न कळविणाऱ्याचा हक्क बुडतो आणि त्यास शिक्षाही होऊ शकते. उलट सरकारने ती वस्तू ठेवून घेतली, तर तिच्या द्रव्याची किंमत व त्यावर एक पंचमांश अधिक रक्कम देण्याची योजना त्याच कायद्यात आहे. गुप्तधनाच्या नादी लागून रात्री-अपरात्री खणणारे आणि त्यासाठी मांत्रिक बोलाविणारे मात्र जमीन, पैसा व अब्रू तिन्ही गमावून बसतात.

एवढे असूनही उणीव राहते ती मुख्य जागी. ज्ञात व संरक्षित स्थळांसाठी कायदा आहे. ज्या शेतात काय आहे हे अद्याप कोणी पाहिलेलेच नाही, तेथे बांधकामाआधी पाहणी करण्याचा सरसकट नियम आपल्याकडे नाही. दायमाबाद १९५७ पर्यंत अशाच न पाहिलेल्या शेतांपैकी होते.

इतरत्र काय करतात

सुप्याचे नाव भारत-जपान सहकार्याने उभारावयाच्या औद्योगिक वसाहतींच्या यादीत आहे. त्या जपानात १९५० च्या सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायद्याखाली, भूमिगत अवशेष असल्याचे ज्ञात असलेल्या जागी बांधकाम करणाऱ्यास साठ दिवस आधी सूचना द्यावी लागते. अशा जागांचे नकाशे स्थानिक संस्थांकडे असतात. इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाच्या परवानगीचा विचार करतानाच पुरातत्त्वीय तपासणी मागविण्याची पद्धत रूढ झाली. फ्रान्सने २००१ मध्ये यासाठी कायदा करून पुढील वर्षी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था स्थापिली. या तिन्ही देशांत कारखाने बंद पडले नाहीत आणि रस्तेही अडले नाहीत. काम आधी ठरले की वेळापत्रकात बसते, एवढाच अनुभव तेथे आला.

आपल्या देशातही हे करून दाखविलेले आहे. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली नागार्जुनकोंडा जाणार, हे ठरल्यावर १९५४ ते १९६० या काळात तेथील खोऱ्यात विस्तृत उत्खनन झाले, निवडक वास्तू उंच जागी हलवून पुन्हा उभारण्यात आल्या, आणि धरणही झाले. याउलट उजनी जलाशयातील पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की वर येते आणि पाहणाऱ्यास चुटपुट लावून पुन्हा बुडते.

पाहणी कशी व्हावी

पाहणी म्हटली की मोठे उत्खनन डोळ्यांपुढे येते. वास्तविक पहिल्या टप्प्यास फावडेही लागत नाही. पाणलोटाच्या कामासाठी गावकरी शिवारफेरी काढतात, तशीच एक फेरी जमिनीच्या वापरात बदल करण्याआधी काढावी. नांगरट झाल्यावर, पहिल्या पावसाने ढेकळे धुऊन निघाली की पेरणीपूर्वीचे आठ-दहा दिवस यास सर्वोत्तम. त्या वेळी खापरे उघडी पडतात आणि पिकाचे नुकसान होत नाही. फेरीत पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच, फिक्या रंगाचे व राखट मातीचे टेकाड.

२) एकाच जागी दाट पडलेली खापरे. त्यांत लाल किंवा नारिंगी रंगावर काळ्या रेषा असलेली आणि टिचकी मारल्यास खणखणीत वाजणारी खापरे विशेष महत्त्वाची.

३) गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान धारदार पाती, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे.

४) मोठ्या आकाराच्या जुन्या विटा, घडीव दगडांच्या ओळी, बुजलेल्या विहिरी व पेवे.

५) वीरगळ, सतीशिळा, शिलालेख, पडक्या देवळांचे दगड.

जे दिसेल ते जागेवरच ठेवावे. गट क्रमांक लिहावा, भ्रमणध्वनीने छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी. वस्तू घासू-धुऊ नये आणि वीरगळ हलवून शेंदूर लावू नये. ही नोंद कृषी विभागाचे गावपातळीवरील कर्मचारी, ग्रामपंचायतीचा अधिकारी आणि ज्यांना लोक अजूनही तलाठी म्हणूनच ओळखतात ते महसूल अधिकारी यांनी मिळून तहसील कार्यालयामार्फत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवावी. वृद्ध शेतकरी व मेंढपाळ यांना फेरीत अवश्य घ्यावे. कोणत्या तुकड्यात नांगर अडतो आणि कोठे पांढरी लागते, हे त्यांच्याइतके नकाशास ठाऊक नसते.

जेथे काही आढळणार नाही, आणि बहुतेक गटांत आढळणार नाही, तेथे काम लगेच सुरू व्हावे. जेथे खुणा दाट आहेत, तेथे जाणकारांनी मीटरभर चौरसाचे दोन-चार चाचणी खड्डे घ्यावेत. त्यानंतरही बांधकाम रद्द करावे लागतेच असे नाही. औद्योगिक वसाहतीत मोकळी जागा व हरितपट्टा सोडावाच लागतो. तो पट्टा त्या टेकाडावर आखला तर अवशेष आपोआप जपले जातात. तेही शक्य नसेल, तर मुदत ठरवून उत्खनन करावे, नोंद घ्यावी आणि मग पाया खणावा.

भार कोणी सोसावा

ही सूचना कितीही रास्त असली तरी तिचा खर्च शेतकऱ्याच्या माथी मारल्यास ती कागदावरच राहील. पाहणीचा व उत्खननाचा खर्च बांधकाम करणाऱ्या संस्थेने प्रकल्पखर्चात धरावा. पाहणीस निश्चित मुदत असावी आणि ती उलटून गेल्यास शेतकऱ्याचा व्यवहार अडून राहू नये. जमिनीत अवशेष निघाले म्हणून मोबदला कमी होऊ नये. पीक उभे असताना प्रवेश करावा लागला, तर पिकाची भरपाई तत्काळ मिळावी. आणि जो शेतकरी स्वतःहून खबर देईल, त्याचा ग्रामसभेत जाहीर गौरव व्हावा. आज खबर देणाऱ्यास त्रासाची धास्ती आणि बुजविणाऱ्यास निर्धास्तपणा, अशी उलटी स्थिती आहे. ती पालटल्याखेरीज कोणताही कायदा शिवारात पोहोचणार नाही.

सात-बाराच्या उताऱ्यावर जमिनीचे मालक व पिके नोंदलेली असतात. तो उतारा फार तर काही पिढ्या मागे जातो. त्याआधी त्याच जमिनीवर कोणी पेरले, कोणी पाणी अडविले, कोणी दुष्काळात गाव सोडले, याचा उतारा मातीत आहे आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नाही. सुपा व परिसरातील शेते विकली जातील, त्यांवर कारखाने उभे राहतील, ते राहोत. येत्या मृगापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील बांधकामासाठी ठरलेल्या गटांची यादी करावी आणि पहिल्या पावसानंतर त्या गटांतून एक फेरी काढावी. एवढ्याने कामास आरंभ होईल.